१३७ हा तिचा आकडा नव्हे

१० जून १९७७. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नव्या खेळाडूंची निवड करत होती. सातव्या फेरीत न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने नाव दिलं, लुसिया हॅरिस. एकूण क्रमांक १३७. मिसिसिपीची, २२ वर्षांची, सहा फूट तीन इंच उंचीची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी. आज तिच्याविषयी काहीही वाचायला घ्या, सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत हे येतंच : एनबीएने अधिकृतपणे निवडलेली एकमेव स्त्री. त्याआधी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनिस लाँगचं नाव दिलं होतं, पण लीगने ती निवड रद्द केली. म्हणून हा मान लुसियाचा.

मला या मानाविषयीच बोलायचं आहे. हा एक प्रसंग पुढे करून तिचं कौतुक उरकलं जातं आणि त्या कौतुकाच्या झुलीखाली दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, तिची खरी कारकीर्द. दुसरी, त्या कारकिर्दीला पुढे वाटच नव्हती ही वस्तुस्थिती. सातव्या फेरीत निवडलेल्या पुरुषालाही संघात जागा मिळेल याची खात्री नसायची. जॅझने तिला चाचणीला बोलावलं, ती गेली नाही. ती गरोदर होती. हा प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार आहे असं आपल्याला वाटलं होतं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. न गेल्याचा पश्चात्ताप नाही, हेही सांगितलं. जी गोष्ट तिच्या लेखी एवढीच होती, तिला तिच्या आयुष्याचा कळस आपण कोणत्या हक्काने ठरवतो?

तिचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा, मिंटर सिटीचा. मिसिसिपी डेल्टातला, लफ्लोर काउंटीतला हा कापसाचा मुलूख. अकरा भावंडांतली ती दहावी. कापूस वेचत वाढली. ती सहा महिन्यांची होती तेव्हा त्याच काउंटीतल्या मनी नावाच्या गावातून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी रात्री घरातून उचलून नेलं आणि मारून नदीत टाकलं. खटला झाला, आरोपी निर्दोष सुटले. लुसियाच्या लहानपणाची भूमी ही होती.

शाळेत मुलं तिला उंचीवरून चिडवायची. लांब आहे, उंच आहे, बाकी काही नाही, असं. घरी रात्री सगळे झोपले की ती गोधडी ओढून घेऊन टीव्हीसमोर बसायची. आवाज आणि उजेड आईपर्यंत जाऊ नये म्हणून गोधडी. पडद्यावर एनबीएतले बिल रसेल, विल्ट चेंबरलेन आणि तिचा सर्वांत लाडका ऑस्कर रॉबर्टसन. त्या पडद्यावर तिच्यासारखी दिसणारी, तिचा खेळ खेळणारी एकही बाई नव्हती. बायकांचा असा खेळ टीव्हीवर नव्हताच. अमेरिकी कॉलेजांत बायकांनी पूर्ण कोर्टभर, पाच-पाच जणींनी खेळायचा नियमसुद्धा १९७१ मध्ये पक्का झाला. त्याआधी सहा जणींचा संघ असायचा आणि निम्म्याहून अधिक जणींना अर्ध्या कोर्टापलीकडे पाऊल टाकायला बंदी. बायकांना एवढी धावपळ झेपणार नाही, हा त्यामागचा समज.

हा समज किती जुना होता ते पाहायचं तर लुसियाच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड यांच्याकडे पाहावं. क्लीव्हलंड या मिसिसिपीतल्याच गावी डेल्टा स्टेट हे कॉलेज आहे. वेड तरुणपणी तिथे खेळायच्या. १९३२ मध्ये कॉलेजने मुलींचा संघ बंद केला. हा खेळ मुलींसाठी फार दमवणारा आहे, असं कारण दिलं. संघातल्या मुलींनी आपल्या जर्सी एकत्र करून जाळल्या. पुढची चाळीस वर्षं तिथे मुलींचा संघ नव्हता. १९७३ मध्ये तो पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा बोलावणं गेलं ते याच वेडबाईंना. आता त्या साठीच्या होत्या. संघ बांधायला घेतला आणि त्यात ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलमधून आलेली ही उंच मुलगी होती. खेळासाठीची शिष्यवृत्ती मुलींना नव्हती. अभ्यासावरची मदत आणि कॉलेजातच काम, असं जमवून ती शिकली. संघात कृष्णवर्णीय ती एकटीच. ज्या कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळू लागला, तिथली ही गोष्ट.

चार वर्षांत तिने काय केलं ते सांगताना माझा हात आखडत नाही. ११५ सामने. २,९८१ गुण, १,६६२ रिबाउंड (नेम चुकून परत आलेला चेंडू पकडला की एक रिबाउंड). म्हणजे सामन्यामागे जवळपास २६ गुण आणि साडेचौदा रिबाउंड. त्या ११५ पैकी १०९ सामने डेल्टा स्टेटने जिंकले. सलग ५१ विजयांची मालिका. १९७५, १९७६ आणि १९७७, ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं.

पहिलं विजेतेपद १९७५ चं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. समोर पेनसिल्व्हेनियाचं इमॅक्युलाटा कॉलेज होतं. जोगिणींनी चालवलेलं कॅथलिक कॉलेज, आधीच्या तिन्ही वर्षांचं विजेतं. त्यांच्या सामन्यांना त्या जोगिणी प्रेक्षकांत बसून लोखंडी बादल्या बडवायच्या, एवढा त्यांचा उत्साह. दोन वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेल्या संघाने त्यांना ९०-८१ असं हरवलं आणि अख्खा हंगाम २८-० असा संपवला. अंतिम सामन्यात लुसियाचे ३२ गुण आणि १६ रिबाउंड.

तिच्या खेळात देखावा नव्हता. सेंटरचं काम बास्केटच्या अगदी जवळ, अंगाला अंग भिडवून करायचं असतं. पाठ बास्केटकडे, कमरेने आणि खांद्याने बचाव करणारीला मागे रोखून धरायचं, हात वर करून पास मागायचा, चेंडू हातात पडला की एका पायावर वळून फळीवर हलकेच टेकवायचा. चुकला तर आपणच उडी मारून परत घ्यायचा. फेकलेल्या शंभरांतले साठाहून अधिक चेंडू तिने आत घातले. समोरच्या संघाला हे सगळं आधीपासून ठाऊक असायचं. दोघी-तिघी मिळून तिला घेरायच्या आणि तरीही ती हेच करायची. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच सामन्यात तिने ४७ गुण केले. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा तिथे नव्हती, हे लक्षात घ्यावं. सगळे गुण दोन-दोनाचे आणि फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एकेका गुणाच्या फेकीचे.

एक तुलना करतो. १९७५-७६ च्या हंगामात सामन्यामागे गुणांची तिची सरासरी ३१.२ होती. पुढच्याच हंगामात एनबीएत सर्वाधिक सरासरी गाठली ती न्यू ऑर्लिन्स जॅझच्याच पीट मॅराविचने, ३१.१. त्यांचे प्रतिस्पर्धी वेगळे, सामन्याची लांबी वेगळी, म्हणून यातून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. पण जॅझच्या त्या कार्यालयात दोन्ही आकडे एका टेबलावर येऊ शकत होते. एका आकड्यामागे करार होता, पगार होता, पुढचा हंगाम होता. दुसऱ्यामागे सातव्या फेरीतला एक पुकारा.

मग मॉन्ट्रियल. बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९७६ च्या उन्हाळ्यात. पुरुषांचं १९३६ पासून होतं. सहाच संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. १९ जुलैला अमेरिका विरुद्ध जपान. लुसियाच्या अंगावर ७ क्रमांकाची जर्सी. तिने चेंडू आत घातला आणि फलकावर २-० लागलं. ऑलिंपिकच्या इतिहासात कोणत्याही बाईने केलेले ते पहिले दोन गुण. जगात कुठेही, कोणत्याही देशाची मुलगी ऑलिंपिकमध्ये बास्केट करते, तेव्हा ती ज्या यादीत जाते तिच्यातलं पहिलं नाव हे आहे. सामना मात्र जपानने ८४-७१ असा जिंकला. पुढे सोव्हिएत संघाने तर अमेरिकेला ११२-७७ असं झोडपलं. त्यांची उल्याना सेम्योनोव्हा उंचीने सात फुटांच्या आसपास होती, तिच्यापुढे लुसियाही ठेंगणी दिसायची. तरी अमेरिकेला रौप्यपदक मिळालं आणि संघातले सर्वाधिक गुण आणि रिबाउंड लुसियाचे होते.

त्या संघात पॅट हेड होती, जी पुढे पॅट समिट या नावाने अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रशिक्षकांपैकी एक झाली. ॲन मायर्स होती. नुकतीच अठरा वर्षांची झालेली नॅन्सी लिबरमन होती. या तिघींची नावं खेळ पाहणाऱ्यांच्या तोंडी राहिली. ज्या सेंटरभोवती हा संघ खेळला, तिचं नाव मात्र कित्येक वर्षं कुठे निघायचं नाही. गरीब, कृष्णवर्णीय, दक्षिणेतल्या खेड्यातली आणि स्वतःचा गवगवा न करणारी. यातलं कोणतं कारण किती भारी पडलं ते मोजून सांगता येणार नाही. कोणतंच कारण नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये.

१९७७ मध्ये तिची पदवी झाली. आणि पुढे?

पुढे काहीच नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम एकटं ठेवलं आहे. त्या वर्षी एनबीएने पहिल्या क्रमांकावर केंट बेन्सन या सेंटरला घेतलं. तो एनबीएत ११ हंगाम खेळला. देशातली सर्वोत्तम स्त्री सेंटर कॉलेजातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या देशात बायकांची व्यावसायिक लीगच नव्हती. १९७८ मध्ये एक सुरू झाली, तीन हंगामांत बंद पडली. त्यात लुसिया १९७९-८० मध्ये ह्यूस्टन एंजल्सकडून एक हंगाम खेळली. डब्ल्यूएनबीए, म्हणजे आजची बायकांची लीग, तिचा पहिला सामना झाला जून १९९७ मध्ये. तेव्हा लुसिया ४२ वर्षांची होती.

म्हणून मला 'पुरुषांच्या लीगने निवडलं' याचा आनंद व्हायच्या ऐवजी राग येतो. बायकांसाठी कोर्ट बांधायचं नाही, पगार द्यायचा नाही, आणि त्यांच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची बोळवण करायची ती आपल्या यादीत शेवटाकडे तिचं नाव एकदा घेऊन. दार उघडलं असं म्हणतात. कुठलं दार? १९७९ मध्ये इंडियाना पेसर्स या एनबीए संघाने ॲन मायर्सशी ५०,००० डॉलरचा करार केला, चाचणी घेतली, संघात घेतलं नाही. त्यानंतर त्या वाटेने कोण गेलं? ती वाट नव्हतीच. बायकांना हवी होती त्यांची स्वतःची, टिकणारी लीग, आणि ती मिळायला आणखी १८ वर्षं लागली.

गरोदरपणाचा उल्लेखही ज्या सुरात केला जातो तो मला खटकतो. 'संधी आली होती, पण तिने संसार निवडला.' जणू तिच्यासमोर दोन ताटं वाढलेली होती आणि तिने एक बाजूला सारलं. खेळाडू बाईला मूल होणं आणि तिचं करिअर चालू राहणं यांची सांगड घालणारी व्यवस्था असावी लागते. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंनी २०२० च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळवला. तो मिळाला संघटनेच्या जोरावर, वाटाघाटींच्या टेबलावर. लुसियाच्या वेळी असं टेबलच नव्हतं. त्याला तिची निवड म्हणणं म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी तिच्या पदरात टाकणं.

त्यानंतरच्या वर्षांत तिला बायपोलर या मानसिक आजाराने ग्रासलं. त्याविषयी ती मोकळेपणाने बोलली. खेळ सुटल्यामुळे आजार झाला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणण्याचा अधिकार मला नाही. एवढंच दिसतं की आजार सांभाळत ती उभी राहिली, चार मुलं वाढवली, पदव्युत्तर शिक्षण घेतलं, टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या संघाची प्रशिक्षक झाली आणि शेवटी अमांडा एल्झी या आपल्याच शाळेत शिकवायला परतली. १९९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, तिचा समावेश झाला. तिथे पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या समारंभात तिला सादर करायला तिच्या शेजारी उभा होता ऑस्कर रॉबर्टसन. गोधडीतून ज्याला पाहिलं, तोच. १८ जानेवारी २०२२ रोजी ती गेली. दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळालं, आणि मग जगाने विचारलं, ही कोण? वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

पण माझा मूळ मुद्दा हळहळीचा नाही, हिशोबाचा आहे. खेळात माणूस टिकतो तो नोंदवहीत. आणि अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या नोंदवहीत एक भलंमोठं भोक राहिलं. लुसियाच्या काळात बायकांच्या स्पर्धा भरवायची ती एआयएडब्ल्यू ही बायकांनीच चालवलेली संस्था. पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएला तेव्हा बायकांच्या खेळात रस नव्हता. उलट १९७२ चा टायटल नाइन कायदा, ज्याने शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला मनाई केली, तो खेळांना लागू होऊ नये म्हणून या संस्थेने धडपड केली, १९७६ मध्ये कोर्टातही गेली. पुढे वारं फिरल्यावर १९८१-८२ च्या हंगामात तिने स्वतःच बायकांच्या स्पर्धा सुरू केल्या. पैसा आणि टीव्ही तिच्याकडे होता. वर्षभरात एआयएडब्ल्यू संपली. आणि बायकांच्या विक्रमांची वही एनसीएएने उघडली ती आपण आलो त्या दिवसापासून.

याचा परिणाम २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला. आयोवाच्या केटलिन क्लार्कने फेब्रुवारीत केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे टाकले आणि बायकांमधली सर्वाधिक गुणांची खेळाडू म्हणून तिचं नाव झळकलं. पण कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने १९७७ ते १९८१ मध्येच ३,६४९ गुण केलेले होते. एआयएडब्ल्यूच्या काळात केले, म्हणून अधिकृत यादीत ते नव्हते. क्लार्कने दोन आठवड्यांत तोही आकडा ओलांडला. तिच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनीच तेव्हा वुडर्डचा आकडा हाच खरा, असं बोलून दाखवलं. याला मी खिलाडूपणा म्हणतो. आणि छोट्या कॉलेजांच्या गटात खेळलेल्या पर्ल मूरचे ४,०६१ गुण तर क्लार्कलाही गाठता आले नाहीत, ती ३,९५१ वर थांबली. किती जणांनी पर्ल मूर हे नाव ऐकलं आहे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. तेव्हा स्पर्धा कच्ची होती, संघ थोडे होते, हा पहिला. असेल. पण विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एका सामन्यात १०० गुण केले, तेव्हा एनबीएत नऊच संघ होते. तो आकडा कुणी खोडला का? प्रत्येक काळ आपल्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यांशीच खेळतो. पुरुषांच्या बाबतीत हे न सांगता मान्य होतं.

दुसरा आक्षेप जास्त कागदी आहे. ती संस्था वेगळी, ही वेगळी, दुसऱ्याच्या नोंदी आपल्या वहीत कशा घ्यायच्या? त्याला उत्तर बेसबॉलने दिलं, तेही त्याच २०२४ च्या मे महिन्यात. वर्णभेदामुळे मोठ्या लीगबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जचे आकडे मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत नोंदीत सामील केले. फलंदाजीच्या सरासरीत अनेक दशकं पहिल्या जागी असलेला टाय कॉब खाली आला आणि जॉश गिब्सन वर गेला. आकाश कोसळलं नाही. संस्था वेगळ्या होत्या हे खरंच, पण त्या वेगळ्या का होत्या याची जबाबदारी बाहेर ठेवणाऱ्याची असते. ज्याने दार लावून घेतलं, त्यानेच 'तुम्ही आत नव्हता' म्हणून नाव गाळायचं, हे चालणार नाही.

आणि एआयएडब्ल्यूच्या नोंदी वहीत घेण्याची ही दुरुस्ती अर्धवट झाली तर लुसिया पुन्हा बाहेर राहील, ही माझी खरी धास्ती आहे. डेल्टा स्टेट आज एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतं. तीन वेळा देशातल्या सर्व मोठ्या विद्यापीठांना हरवणारं हे कॉलेज, पुढे पैसा मोठ्या विद्यापीठांकडे वळला तसं मागे पडलं. तेव्हा आजच्या श्रेणींचे कप्पे करून जुने आकडे वाटले, तर वुडर्डला जागा मिळेल, कारण कॅन्सस आजही मोठं आहे. लुसियाचे २,९८१ गुण आणि १,६६२ रिबाउंड मात्र अशा यादीत जातील जी कुणी उघडत नाही. १९७५ साली ती ज्या पातळीवर खेळली, त्या पातळीच्या पानावर तिचं नाव लिहिलं पाहिजे. कॉलेजचं आज काय झालं यावर नव्हे, ती कुणाविरुद्ध खेळली यावर. इमॅक्युलाटाही आज तिसऱ्या श्रेणीत आहे. त्या बादल्या बडवणाऱ्या जोगिणींच्या मुलींनाही त्याच पानावर घ्यावं लागेल.